सात जुन्या नळ्या

नळीच्या तळाशी दीड इंच मांसाचा चुरा असतो आणि त्यावर तीन इंच रस. रस फिकट चहाच्या रंगाचा, नितळ. चुरा उकडून, पिळून, वाळवून घातलेला, म्हणून त्याचा रंग भिजवलेल्या मटकीसारखा. ज्या जंतूंना हवा सोसत नाही ते त्या चुऱ्याच्या फटींत वाढतात, आणि वाढ सुरू झाल्याची पहिली खूण म्हणजे एक बुडबुडा. मोहरीएवढा. दोन कणांच्या मध्ये अडकलेला. नळी हलवायची नाही; हलवली तर रसात हवा मिसळते. फक्त उजेडाकडे धरायची आणि बघत राहायचं.

१९९४ च्या फेब्रुवारीत, एका बुधवारी सकाळी, मी अशी एक नळी खिडकीशी धरून उभी होते. बुडबुडा होता. पण चुरा तळापासून वरपर्यंत काळा पडला होता, विझलेल्या कोळशासारखा.

“बाई, टपाल,” बाबूराव दारातून म्हणाले. बाबूराव कोरवी आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे शिपाई. नळ्या धुणं, भट्टी लावणं, प्राण्यांच्या पिंजऱ्यांची झाडलोट, सगळं त्यांच्याकडे. “चौबळसायबांचं हाय. रिटायर हून पंधरा वर्षं झाली, अजून हितंच येतंय.”

मी नळी लाकडी घोडीत, बाकीच्या नळ्यांशेजारी, उभी ठेवली, हात धुतले आणि पाकीट फोडलं. सरांची पत्रं मीच वाचत असे. त्यांना दिसत नव्हतं.

पत्र दिल्लीकडच्या एका संस्थेचं होतं. देशभरातल्या जुन्या कॉलेजांमधून दुर्मिळ जंतू गोळा करून त्यांचा कायमचा संग्रह करायचं काम तिथे सुरू झालं होतं. डॉ. विश्राम चौबळ यांच्या १९६१ च्या निबंधात वर्णन केलेला ‘क्रमांक ४१’ अजून जिवंत असल्याचं त्यांना समजलं होतं. तो चौबळांच्याच नावानं संग्रहात दाखल करायचा होता. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी त्यांचा माणूस येऊन नळी घेऊन जाणार होता. सोबत भरून द्यायचा अर्ज होता.

मी पत्र दोनदा वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं.

“बरी खबर हाय काय?” बाबूरावांनी विचारलं.

“हो.”

“मग तोंड का असं?”

घोडीतल्या काळ्या नळीवर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती: ४१.

*

गुरुवारी साडेचारला मी सरांकडे जात असे. बावीस वर्षांपूर्वी मी विभागात लागले तेव्हा गुरुवारी दुपारी सर एकेचाळीसची नळी पाहत आणि मला दाखवत. पुढे ते निवृत्त झाले, मग काचबिंदूनं दृष्टी गेली, आणि नळी पाहायचं काम माझं झालं. गुरुवार तसाच राहिला. मी जायची, ते चाचपडत चहा करायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. मग विचारायचे, “कशी आहे ती?” एकेचाळीस त्यांच्या तोंडी नेहमी ‘ती’ असायची. त्यांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्या घरात दुसऱ्या कुणाबद्दल विचारण्यासारखं नव्हतं. माझ्याही घरात नव्हतं.

एकेचाळीस सापडली ती एका ऊसगाडीवाल्याच्या पायात. भरल्या गाडीचं चाक त्याच्या पोटरीवरून गेलं होतं. पाय सुजला, दाबला की आत हवा करकरायची. सर्जननं पाय कापायची तयारी केली. सरांनी जखमेतला पू मांसरसात वाढवला, आणि तिसऱ्या दिवशी सर्जनला जाऊन सांगितलं, की हा जंतू हवा करतो पण विष करत नाही, थांबा. सर्जन थांबला. पाय राहिला. असा जंतू आधी कुणी लिहून ठेवला नव्हता. परदेशातल्या नियतकालिकानं नमुना मागितला, सरांनी पार्सल केलं, ते वाटेत फुटलं. दुसरं पाठवलं त्याचं उत्तरच आलं नाही. त्यानंतर तेहेतीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

मी पत्र वाचून दाखवलं.

“पुन्हा वाच. तो नावाचा भाग.”

मी पुन्हा वाचलं.

“आलं कधी हे?”

“काल.”

“काल आलं आणि आज सांगतेस? ठोसर, तू अशी कशी गं मठ्ठ!” ते हसत होते. “माझे डोळे गेले, पाय नाही गेले. शनिवारी मी स्वतः विभागात येणार. बाबूला रिक्षा घेऊन पाठव. आणि पुढच्या गुरुवारी येताना तिला घेऊन ये. जाण्याआधी एकदा हातात घेईन.”

“सर, रस्त्यात नळी हलेल.”

“मांडीवर धरून आण. लेकरू नेतात तशी.” मग म्हणाले, “वास तसाच आहे ना? आंबूस, जुन्या लोण्यासारखा?”

“तसाच आहे,” मी म्हणाले.

काळ्या नळीला मेलेल्या उंदरासारखा वास येत होता.

*

तरी एक आशा होती. दर जानेवारीत एकेचाळीस ताज्या रसात घालायची आणि जुनी नळी मेणानं बंद करून लाकडी पेटीत ठेवायची, ही सरांची पद्धत. पेटीत शहात्तर ते ब्याऐंशी सालच्या सात नळ्या होत्या. पेटी उघडून पाहिली तर त्यांतला चुरा नळ्यांच्या काचेतून दिसत होता. काळा नव्हता. हे जंतू बीजरूपानं वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. सातांतल्या एकीत जरी जीव असला तरी पुरे होतं.

पण त्यासाठी ताजा मांसरस हवा होता, आणि आमच्या विभागात तो कुणी करत नव्हतं. मुलं बाजारातली मांसाच्या चुऱ्याची तयार पावडर पाण्यात कालवत. एकेचाळीस पावडरीत वाढत नसे. सरांनी सत्तर साली तीनदा करून पाहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता मी कापडी पिशवी घेऊन नदीपलीकडे कसाईखान्यात गेले. करीमभाई गाळ्यात होते. दाढी पांढरी झाली होती. त्यांनी मला ओळखायला एक क्षण घेतला.

“म्याडम! जिंदा हाय होय तुम्ही?”

“आहे.”

“मला वाटलं बदली झाली. कालिजवाल्या बाईंचं दिल म्हनून रोज एक बाजूला ठेवायचो. मग पोरगं म्हनलं, अब्बा, सोडा, ती बाई काय येत न्हाई.”

“एक पाहिजे. रेड्याचं. ताजं.”

“शिळं कधी दिलं व्हतं?” त्यांनी हृदय वजनकाट्यावर न टाकताच कागदात गुंडाळलं, वरून दुसरा कागद घातला, तिसरा घातला. “पिशवीवर डाग दिसू नये म्हनायचा न्हवं तुम्ही. आई बघंल म्हनून. आई कशी हाय?”

“गेली. त्र्याऐंशी साली.”

“अल्ला,” ते म्हणाले. पुडा माझ्यापुढे सरकवत म्हणाले, “मग येवडी वर्षं कुनाला भ्यालासा?”

मी पिशवी उचलली.

विभागात बाबूरावांनी खिम्याचं यंत्र टेबलाला आवळलं आणि मी हृदयाची चरबी आणि रक्तवाहिन्या सोलून तुकडे करून दिले. ते दांडा फिरवू लागले. खिमा परातीत पडत होता.

“अकरा वर्षांत ह्यो वास विसरलो व्हतो बाई. आज घरात बायकू दारातच आंघूळ घालती बघा.”

“रसाला उकळी आली की मला हाक मारा. आम्लता मोजायची आहे.”

“पावडर मिळती की. पोरं तीच वापरत्यात.”

“पावडरीत ती वाढत नाही.”

“कोन ती?”

“एकेचाळीस.”

दांडा थांबला. बाबूरावांनी माझ्याकडे पाहिलं.

“म्हंजे ती हाय अजून?”

मीही त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“नळ्या मीच धुतो न्हवं? चौबळसायबांच्या नळीला कधी साबन लागला न्हवता. नुसत्या पान्यानं निघायची. मग एक वर्षी काळी नळी आली, दोनदा घासली तरी वास जाईना. तवा म्हनलं, ही काय सायबांची न्हवं.”

“मग बोलला नाहीत?”

“तुमी बोलला न्हाईसा. मी कशाला बोलू?” ते पुन्हा दांडा फिरवू लागले. “आनि खरं सांगू? न्हेनाऱ्याला काय कळतंय? नळी ती नळी. काळी काय नि गोरी काय. सायबांचं नाव लागंल, म्हातारा समाधानानं जाईल. तुमी उगं जिवाला घोर लावून घेतायसा.”

मी याचा विचार केला नव्हता असं नाही. दिल्लीत ती नळी उघडून, वाढवून, जुन्या निबंधाशी ताडून पाहायला सहा महिने तरी लागले असते. सर ऐंशीचे होते. त्यांच्या छातीत पाणी होत होतं.

शनिवारी रस गाळला, चुरा वाळवला, नळ्या भरल्या, दाबाच्या भट्टीत शिजवल्या. रविवारी कॉलेज बंद असतं. मी चावी घेऊन एकटी आले. नळ्या दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवल्या म्हणजे रसातली हवा निघून जाते, मग न हलवता थंड करायच्या. जुन्या पेटीतल्या सात नळ्या एकेक करून उघडल्या. दोन नळ्यांचं मेण तडकलेलं होतं. बारीक काचनळीनं प्रत्येकीच्या तळातला चुरा ओढून घेतला आणि नव्या नळीच्या तळाशी सोडला. हात थरथरत नव्हता. या कामात माझा हात कधी थरथरला नाही.

सोमवारी सातही नळ्या नितळ.

मंगळवारी सकाळी एकोणऐंशीच्या नळीत बुडबुडा दिसला. मोहरीएवढा. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. दुपारचा डबा तिथेच खाल्ला, जे विभागात सक्त मना आहे. संध्याकाळी तीन बुडबुडे होते, रस गढूळ होत होता, आणि चुरा होता तसाच, मटकीच्या रंगाचा. बाबूराव जाताना डोकावले.

“आली काय?”

“उद्या कळेल.”

“तोंडावरनं तर आल्यासारखं वाटतंय,” ते म्हणाले.

बुधवारी चुऱ्याच्या कडा राखाडी झाल्या. गुरुवारी सकाळी तो काळा होता. मी काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एकेचाळीसचं बीज काडीसारख्या जंतूच्या अगदी टोकाला असतं, आगकाडीच्या गुलासारखं. हे टोकापासून आत होतं. धुळीत, मातीत, कुठेही सापडणारं तण. तडकलेल्या मेणातून शिरलेलं. बाकीच्या सहा नळ्या मी रविवारी भरल्या तशाच होत्या. मी त्यांना आणखी आठवडा देऊ शकले असते, पण एकेचाळीसला कधी तीन दिवसांपेक्षा जास्त लागले नव्हते.

*

सरांनी दाढी केली होती. कपाटातला राखाडी कोट खुर्चीच्या पाठीवर काढून ठेवला होता, दोन दिवस आधीच.

“आणलीस?”

मी पर्समधून सकाळची ती काळी नळी काढून त्यांच्या हातात दिली. बूच घट्ट बसवलं होतं. त्यांनी ती दोन्ही तळव्यांत धरली. तळापासून अंगठ्यानं, सवयीच्या अंदाजानं, चुऱ्याची उंची मापली, मग रसाची.

“दीड आणि तीन,” ते म्हणाले. “रस घरचा आहे?”

“हो. शनिवारीच केला.”

“करीमकडचं?”

“हो.”

“आहे का तो अजून! बरं झालं.” त्यांचा अंगठा बुचाशी गेला. त्यांनी अंगठा काढून घेतला. “उघडत नाही. हवा लागेल तिला.”

नळी त्यांनी मला परत दिली नाही. खिशातला रुमाल काढून तिच्याभोवती गुंडाळला आणि मांडीवर ठेवली.

“आता कागद घे. त्यांनी अर्ज पाठवलाय ना, तो भरून टाकू. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखं आहे का?”

“हो सर.”

“मग सावकाश लिही. मेल्यावर त्यात काय लिहिलंय ते सांगायला मी नसणार.”

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. रुग्णाचं नाव, वय, गाव. जखमेचं स्वरूप. पुवाचा नमुना घेतल्याची तारीख. तेहेतीस वर्षांपूर्वीचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं, गाडीवाल्याच्या बैलांचे रंगसुद्धा. ते त्यांनी अर्जात घालायला सांगितले आणि मग नको म्हणाले. मी लिहिलेलं सगळं खरं होतं. तोपर्यंत एकही खोटा शब्द लिहावा लागला नव्हता.

“पुढचा रकाना?”

“जतन कुणी केलं.”

“तिथे तुझं नाव घाल.”

“सर, शोध तुमचा आहे.”

“रकाना शोधाचा नाही, जतनाचा आहे. शोधून ठेवलेलं हरवायला काय लागतं? विभागात तीन प्रमुख बदलले, दोनदा जागा हलवली, एवढ्यात ती टिकली ती कुणामुळे? माझे सुरुवातीचे दिवस सोड. तुझी बावीस वर्षं आहेत. हेमांगी ठोसर, पूर्ण नाव लिही. त्यांना मी सांगणार आहे, संग्रहातसुद्धा ‘चौबळ-ठोसर’ असंच लागलं पाहिजे.” ते थांबले. “दुसरं काय देणार मी तुला? लग्न केलं नाहीस, पुण्याची नोकरी घेतली नाहीस. मला दिसत नाही म्हणून कळत नाही असं समजू नकोस.”

पेन माझ्या हातात होतं.

त्र्याऐंशी साली आई अंथरुणाला खिळली होती. डावी बाजू गेली होती. तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. कसाईखान्यात जाऊन आल्यावर मी दोनदा आंघोळ करायची, तरी तिला कळायचं. कसं, कोण जाणे. त्या दिवशी ती दात घट्ट मिटून घ्यायची. “त्याच हातांनी मला भरवतेस,” एवढंच म्हणायची, तेही तोंड वाकडं झाल्यामुळे नीट उमटायचं नाही. एक दिवस उपाशी राहायची, दुसऱ्या दिवशी अंगात जीव नसायचा. म्हणून मी कसाईखान्यात जायचं बंद केलं. कपाटात वर्षभरापूर्वीच्या उरलेल्या नळ्या होत्या. मांसरस वापरण्याआधी एकदाच उकळायचा, एकदा उकळून ठेवलेला पुन्हा उकळून वापरायचा नाही, हा सरांनी मला शिकवलेला पहिला नियम. मी त्या नळ्या तिसऱ्यांदा उकळल्या. उकळण्यानं हवा जाते; बूच सैल राहून आत पडलेली बीजं मरत नाहीत, हे मला ठाऊक होतं. एकेचाळीस मी त्यात घातली. पाचव्या दिवशी नळी काळी होती.

त्या आठवड्यात आई गेली. दिवस आटोपल्यावर पहिल्या गुरुवारी मी सरांकडे गेले. त्यांची दृष्टी आदल्या उन्हाळ्यात पुरती गेली होती. त्यांनी चहा केला, थोडा सांडला, आईबद्दल काही बोलले नाहीत, त्यांना तसं बोलता येत नसे. फक्त म्हणाले, “कशी आहे ती?” आणि मी म्हणाले, “छान आहे.” पेटीत सात नळ्या आहेत, पुढच्या महिन्यात त्यांतून काढू, असं मनाशी ठरवलं. पेटी उघडली नाही. उघडली नव्हती तोवर त्या सातही जिवंत होत्या. काळ्या नळीतलंच दर जानेवारीत बाजारच्या पावडरीत घालून वर ४१ ची चिठ्ठी लावत राहिले. असे अकरा वर्षांचे गुरुवार मी तिथे बसून चहा प्यायले.

“लिहिलंस?” सरांनी विचारलं.

“नाही.”

“का? शाई संपली?”

“नाही सर.”

“मग लाजतेस काय आता, चव्वेचाळिसाव्या वर्षी?”

बाहेर भाजीवाली ओरडत गेली. सरांनी रुमालातली नळी सरळ केली, आडवी होऊ नये म्हणून. मी अर्जाची घडी केली, पेनाला टोपण लावलं.

“सर,” मी म्हणाले, “माझं नाव लिहीत नाही, आणि हा अर्जही पाठवायचा नाही. शनिवारी येऊ नका म्हणून त्या माणसाला आज तार करते. तुमच्या हातात आहे ती एकेचाळीस नाही. एकेचाळीस अकरा वर्षांपूर्वी मेली, माझ्या हातून मेली, आणि ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं.”